पुळणीवरचं सुरूबन, रेतीखालचा शिंपल्यांचा दगड आणि मधली वीतभर माती

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुंबईजवळच्या मनोरीला समुद्रापासून थोडी आत १४ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. आजोबांनी चाळीसेक वर्षांपूर्वी लावलेले सुरू आता उंच झालेत, मध्ये उंडी नि शिंदीची थोडी झाडं आहेत. खणलं की वर काळपट रेती, खाली फिकी रेती, आणि दोन-अडीच फुटांवर पांढरट, शिंपले दिसणारा दगड लागतो. माती तपासणीचा अहवाल सांगतो सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के. हौसेने लावलेल्या लिंबाची आणि एक्झोऱ्याच्या फुलझाडाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. बागेची कामं घेणाऱ्या एकाने सुचवलंय की पाचोळा झाडून काढा, दगड ब्रेकरने फोडा, वर दोन फूट लाल माती टाका आणि हापूस लावा. ही जमीन नेमकी कशी आहे आणि असं करावं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. पाचोळ्याला हात लावू नका, दगड फोडू नका, लाल माती आणू नका, आणि हापूसचा विचार या जागेपुरता सोडून द्या. मुंबईच्या आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर तीस वर्षं माती तपासतोय. अशा जागांवर सगळ्यात जास्त पैसा वाया गेलेला पाहिला तो याच कामांत.

मुंबईचा कणा काळ्या कातळाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तुमच्या रेतीखालचा दगड त्याच्यापुढे अगदी कालचा आहे, काही हजार वर्षांचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात रेती, गोटे आणि शिंपल्यांचा चुरा एकत्र पडतो. उन्हाने पाणी आटतं, त्यातला कर्बवायू उडून जातो, आणि पाण्यात विरघळलेला चुना दाण्यादाण्यांमध्ये बसून सगळं सिमेंटसारखं बांधून टाकतो. कोकणात याला करल म्हणतात, कुणी करळ म्हणतात. इंग्रजांच्या काळातल्या मुंबईच्या नोंदींत याला ‘लिटोरल काँक्रीट’ म्हटलंय, म्हणजे किनाऱ्याचं काँक्रीट. नाव अगदी चपखल आहे. फोर्टातल्या जुन्या इमारतींवरचं नाजूक कोरीव काम ज्या पोरबंदरच्या दगडात केलंय तोही याच्याच नात्यातला, पण तो वाऱ्याने रचलेल्या बारीक चुनरेतीचा, म्हणून एकजिनसी आणि छिन्नीला मऊ. करल तसा नसतो. एकाच ढेकळात अख्खा शिंपला, काळ्या दगडाचा गोटा आणि मध्ये हवेची पोकळी असं सगळं सापडतं. तो पाणी पितो, फटींतून सोडतो, आणि सगळीकडे सारखा जाडही नसतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे झाडं कुठे लावायची ते तिच्यावर ठरणार आहे.

वरची रेती वाऱ्याने आणि लाटांनी आणलेली. आपल्याकडच्या पुळणीत बेसाल्टचे काळे दाणे, चुंबकाला चिकटणारे लोहखनिजाचे कण आणि शिंपल्यांचा चुरा यांची मिसळ असते. म्हणजे चुना दोन ठिकाणी आहे, खाली दगडात आणि वर रेतीतसुद्धा. पण वरच्या रेतीतला चुना दर पावसाळ्यात कमी होत जातो, आणि या जमिनीचा सगळा स्वभाव त्यातून घडतो.

हे डोळ्यांनी दिसतं. गोराईच्या बाजूला एका वाडीत मे महिन्यात कमरेएवढा खड्डा घेतला होता. खड्ड्याची एक भिंत कोयत्याने तासून साफ केली. वर तीन बोटं सुरूच्या काड्यांचा थर, वरून कोरडा आणि खाली कुजट. त्याखाली वीतभर काळपट करडी रेती, पांढऱ्या बारीक मुळांनी विणलेली. ढेकूळ हातात धरलं तर क्षणभर एकत्र राहतं, मग सुटतं. त्याखाली फिकी रेती, मुळं विरळ. अगदी तळाशी पिवळसर, शिंपल्यांचे तुकडे वाढत गेलेले, आणि मग दगड. पातळ केलेलं आम्ल ड्रॉपरने वरून खाली थेंब थेंब सोडत गेलो. काळपट थरात काहीच झालं नाही, थेंब गुपचूप मुरला. वीतभराच्या खाली एखाददुसरा दाणा चुरचुरला. फुटाच्या खाली रेती हलकी फसफसू लागली, आणि दगडाजवळ तर थेंब पडताक्षणी पांढरा फेस. तुम्ही घरी व्हिनेगरने करून बघा. फेस कमी येईल, पण कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते.

याचं कारण पाऊस आणि मुळं. मुळं आणि कुजणारा पाचोळा जमिनीत कर्बवायू सोडतात, तो पावसाच्या पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं आणि चुना विरघळवून खाली नेतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे दर चौरस मीटरवर दोन हजार लिटर. निम्मं पाणी जमिनीतून खाली गेलं आणि प्रत्येक लिटरने १०० मिलिग्रॅम चुना नेला असं धरलं, तर वर्षाला १०० ग्रॅम, चाळीस वर्षांत ४ किलो. वरच्या १० सेंटीमीटर थरात पाच टक्के चुना असेल तर तो सगळा मिळून साडेसात किलोच्या घरात येतो. आकडे ढोबळ आहेत, पण तुमच्या आजोबांच्या सुरूने आणि चाळीस पावसाळ्यांनी मिळून काय केलंय ते त्यातून कळतं. त्यांनी चुनखडीच्या रेतीवर चुना कमी असलेली, जवळपास उदासीन सामूची माती तयार केलीय. ती वीतभरच आहे, पण तिथली सगळी बारीक मुळं तिच्यातच जगतात.

म्हणूनच तुमचा अहवाल मला अपुरा वाटतो. सामू ८.१ आणि कर्ब ०.३५ हे आकडे बहुधा दोन फुटांपर्यंतची सगळी रेती एकत्र कालवून आलेत. शेतात नांगरलेली जमीन असते तिथे एकत्र नमुना चालतो, इथे नाही. नमुने वेगवेगळे घ्या: पाचोळा बाजूला सारून वरचे १० सेंटीमीटर, मग १० ते ३०, मग ३० ते ६०, आणि दगडाला चिकटलेली मूठभर रेती. प्रत्येक खोलीची माती तीन-चार ठिकाणची. माझा अंदाज, वरच्या थराचा सामू ७ च्या आसपास येईल आणि तळाचा ८.२-८.३. सामू ८.५ च्या वर गेला तर मात्र थांबून विचार करा, कारण नुसता चुना जमिनीला सहसा त्याच्या पुढे नेत नाही. त्यापुढे गेलं की सोडियमचा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा संशय घ्यायचा.

प्रयोगशाळेला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा, की नमुना खलबत्त्यात कुटू नका, नुसता चाळा. शिंपल्यांचे तुकडे कुटून पीठ झाले की अहवालात चुन्याचा आकडा फुगतो आणि माणूस घाबरतो. झाडाला त्रास देतो तो बारीक, पिठासारखा चुना, जो पाण्यात लगेच उतरतो. बोटाच्या पेराएवढा शिंपल्याचा तुकडा वर्षानुवर्षं नुसता पडून असतो. पंधरा टक्के चुना असलेली भरड शिंपल्यांची रेती झाडाला सोसते, आणि सात-आठ टक्के बारीक चुन्याची माती त्याला पिवळं करते. एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नये तो यासाठी.

आता पिवळ्या पानांकडे. लिंबू आणि एक्झोरा दोघांचीही नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं तुम्ही लिहिलंय. ही लोहाची उणीव, पण जमिनीत लोह कमी आहे म्हणून नव्हे. तुमच्या रेतीतले काळे कण लोहाचेच आहेत, चुंबक फिरवून बघा. सामू एकाने वाढला की पाण्यात उतरणारं लोह साधारण हजारपटीने घटतं, त्यामुळे मुळाशी लोह असून झाडाच्या हाती लागत नाही. त्यात भर म्हणजे लिंबू लावताना दोन फूट खड्डा खणून तळची फिकी रेती वर आणली गेली असणार, म्हणजे मुळं थेट चुन्यात बसली. एक्झोरा तर या बाबतीत इतका हळवा की मी त्याला कागदावरच्या अहवालाइतकाच मान देतो.

हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून उपयोग नाही, चुना त्याचं पाणी होताच लोह गंजवून बसवून टाकतो. पानांवर फवारा चालतो: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, दर पंधरवड्याने. जमिनीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याने बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, घ्या, पण पुडीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघा. स्वस्त मिळणारं ‘ईडीटीए’ चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. तरी खरा उपाय सांगतो, लिंबू कुंडीत हलवा.

गंधक टाकून सामू उतरवा, असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हिशेब करा. एक चौरस मीटर, एक फूट खोल म्हणजे साधारण ४५० किलो रेती. पाच टक्के चुना धरला तर साडेबावीस किलो. तो मारायला सात किलोंच्या वर गंधक लागतं. एका गुंठ्याला सातशे किलो, आणि तुमच्या चौदा गुंठ्यांना दहा टन. एवढं करून खालचा दगड तिथेच, आणि वाऱ्याने उडणारी शिंपल्यांची धूळही तिथेच. या चुन्याशी भांडून जिंकता येत नाही.

लाल मातीबद्दल माझं मत कडक आहे. जांभ्याची लाल माती चिकणवट, आम्लधर्मी. रेतीवर दोन फूट थापली की पहिल्या पावसात दोन थर होतात: वर चिखल, खाली कोरडी रेती, आणि पाणी दोन्हींच्या सांध्यावर अडतं. सुरूच्या बुंध्यावर दोन फूट माती चढवली की वरच्या थरातल्या मुळांचा श्वास कोंडतो आणि दोन-तीन वर्षांत झाडं शेंड्याकडून वाळतात. एका वाडीत असं होताना मी बघत राहिलो, कारण मला बोलावलं तेव्हा भराव आधीच पडला होता. चाळीस वर्षांच्या झाडांना वाचवायला माती परत काढायला सांगितली, पण उशीर झाला होता. त्या दिवशीची हळहळ अजून जात नाही.

दगड फोडण्याचं कारण सगळे एकच देतात, मुळं खाली जावीत. मुळांना वाट स्वतः शोधता येते. करलात ठिकठिकाणी बोगद्यासारखी छिद्रं आणि वाट्यांसारखे खळगे असतात. जुन्या झाडाच्या बुंध्यावरून ओघळणारं पाणी एकाच जागी मुरत राहतं आणि तिथला चुना विरघळवत नेतं, त्यातून बरेचसे खळगे होतात. त्यांच्यात वरची काळपट माती उतरून भरते. त्या खळग्यांत झाड लावलं तर त्याला तीन-चार फूट खोल, चुना धुतलेली माती आयती मिळते. ते शोधायला १२ मिलिमीटरची सहा फुटी सळई घ्या आणि दर मीटरवर हाताने दाबत जा. दगडाला टेकली की खण्ण आवाज येतो आणि झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. खळगा असला की सळई सूं करून आत जाते. प्रत्येक ठिकाणची खोली वहीत चौकटी आखून लिहा. चौदा गुंठ्यांना दोन माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण त्यानंतर तुमच्या हातात जो नकाशा असेल तो कुठलीच प्रयोगशाळा देणार नाही.

ब्रेकरचा आणखी मोठा धोका पाण्याचा आहे. तुमची जागा समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर. तिथलं विहिरीचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल तर शांत स्थितीत त्याच्याखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं सापडतं, आणि वरचं फूटभर पाणी उपसलं की तो साठा खालून हळूहळू चाळीसेक फुटांनी आकसत येतो. खोल खड्डे, बोअर, मोठे पंप यांनी हे बिघडतं, आणि एकदा खारं चढलं की दोन-तीन पावसाळे तरी ते उतरत नाही. वसईच्या वाड्यांमधली बावखलं आठवा. उथळ, रुंद, पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवणारी. खोल खणायचं नाही आणि वरवरचं पाणी हळू घ्यायचं, हे शहाणपण त्या बागायतदारांना पिढ्यान्‌पिढ्या होतं. तुमच्या जागेत सखल कोपरा असेल तर मला बोअरपेक्षा छोटं बावखल केव्हाही आवडेल. किनारा नियमन क्षेत्रात खोदकामाला आणि झाडतोडीला परवानगी लागते, ती आधी तपासा.

रेतीची पाण्याची ताकद किती ते एकदा मनात पक्कं बसवा. मीटरभर रेतीत झाडाला घेता येण्यासारखं पाणी ५० ते ८० मिलिमीटर मावतं. तुमच्याकडे दोन-अडीच फूट रेती, म्हणजे चाळीस-पन्नास मिलिमीटर. मेच्या उन्हात हे आठवड्या-दीड आठवड्यात संपतं. म्हणून आठवड्यातून एकदा पाइप सोडून आळं तुडुंब भरण्यापेक्षा एक दिवसाआड थोडं थोडं द्या. जास्तीचं पाणी दगडावरून वाहून जातं आणि जाताना पालाश नि नत्र घेऊन जातं.

सुरूच्या बनात यात एक खोच आहे. कोरड्या काळपट रेतीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मुरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन डुलतो. सुरूच्या काड्यांतला मेणचट अंश दाण्यांवर बसलेला असतो. पहिले दोन-तीन पाऊस त्यामुळे वरून वाहून जातात किंवा एखाद्याच वाटेने आत घुसतात आणि बाजूची माती कोरडीच राहते. पाचोळा काढून टाकला तर हे आणखी बिघडतं, कारण उघडी रेती तापून अधिकच कोरडी होते. उलट पाचोळ्यात शेणखत आणि हिरवा पाला, गिरिपुष्प किंवा करंज, मिसळा आणि मार्च-एप्रिलमध्ये अधूनमधून शिंपडून दमट ठेवा. सुरूची काडी एकटी कुजायला फार वेळ घेते, हिरव्या पाल्याच्या संगतीत लवकर कुजते. रेतीच्या दाण्यात अन्न धरून ठेवायची जागा जवळपास नसते, ती सगळी या कुजलेल्या भागात असते. कर्ब अर्धा टक्का वाढला तरी झाडं वेगळी दिसतात.

खतांबाबत दोनच गोष्टी सांगतो. युरिया किंवा अमोनियम सल्फेट वर फेकू नका, चुन्याच्या संपर्कात त्यातला अमोनिया उडून जातो. चार बोटं खाली गाडा आणि लगेच पाणी द्या, एकदम न देता पाच-सहा हप्त्यांत. आणि कोकणात आम्ल जमिनीला चालतं म्हणून दुकानदार रॉक फॉस्फेट देईल, ते इथे जसंच्या तसं पडून राहतं. स्फुरद शेणखतात मुरवून मुळांजवळ द्या. भाताच्या खाचरात चुना टाका हा कोकणातला नेहमीचा सल्लाही इथे उलटा पडतो.

आता झाडं. नारळ चालेल, त्याला पालाश भरपूर आणि बुंध्याशी सोडणांचं, झावळ्यांचं आच्छादन हवं. शेवगा, चिंच, सीताफळ, करंज, भेंड चालतील. खळग्यांत चिकू जरूर लावा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच्या गोडीचं श्रेय तिथल्या कॅल्शियमयुक्त जमिनीला दिलं जातं. तुम्ही ज्याला दोष समजताय तो चुना चिकूला मानवतो. कोकम, जायफळ, मिरी ही जांभ्याची मंडळी, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हापूस जगेल कदाचित, पण सळई दोन फुटांवर टेकते तिथे तो कायम उपाशी आणि पिवळा राहील.

सुरू एकदम काढू नका. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात, आणि तो खारा वारा अडवतो. पण त्याच्या भरवशावरही राहू नका. ३ जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते वादळ आठवा. उथळ जमिनीतले सुरू मुळांच्या सपाट चकतीसकट उलटले, आणि चकतीखाली स्वच्छ धुतलेला दगड दिसत होता. जिथे झाड पडलंय किंवा झुकलंय त्या मोकळ्या जागेत उंडी लावा. उंडी हळू वाढते, पण खळग्यांत आणि फटींत मुळं घट्ट रोवते, खारा वारा सोसते, आणि तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यांना नि होड्यांना वापरत. तुमच्या जागेत मोठी उंडी आहेच, तिच्याखाली पावसाळ्यात रोपं उगवलेली सापडतील. आंगठ्याएवढं जाड झालेलं रोप मुळाजवळची काळपट माती तशीच ठेवून उचला आणि ज्या चौकटीत सळई खोल गेली तिथे आषाढात लावा.

नमुने मेअखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या, आणि त्याच दिवशी विहिरीचं पाणी बाटलीत भरून क्षारतेसाठी द्या. तेव्हा पाणी वर्षातलं सगळ्यात खारं असतं, त्यामुळे मेचा आकडा चांगला आला तर बाकीच्या महिन्यांची काळजी नाही. चारही खोलींचे आकडे, पाण्याचा आकडा आणि सळईच्या वहीचा फोटो एकत्र पाठवलात तर कुठल्या चौकटीत काय लावायचं ते मी झाडागणिक लिहून देईन.